अमेरिकेतील लोकनियुक्त न्यायाधीश

आपल्या गावच्या कोर्टात बसणारे दिवाणी न्यायाधीश कोणत्या पक्षाचे, असा प्रश्न उद्या कोणी आपणांस विचारला तर आपण काय उत्तर द्याल? बहुधा विचारणाराकडेच चमत्कारिक नजरेने पाहाल. न्यायाधीश कडक आहेत की मवाळ, तारखा फार देतात की कामाचा उरक आहे, वकिलांवर डाफरतात की शांतपणे ऐकून घेतात, याची चर्चा कोर्टाबाहेरच्या चहाच्या दुकानात रोज होते. परंतु ते या पक्षाचे की त्या पक्षाचे, मागल्या खेपेस किती मतांनी निवडून आले, आणि पुन्हा कधी उभे राहणार, हे प्रश्न आपल्या मनाला शिवतसुद्धा नाहीत.

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहरात हेच प्रश्न अगदी शहाणपणाचे ठरतात. तेथे जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश, म्हणजे साक्षीपुरावा ऐकणारा, ज्यूरी बसविणारा, शिक्षा सांगणारा प्रत्यक्ष न्यायाधीश, चार वर्षांसाठी लोकमताने निवडला जातो. आणि मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे त्याचा पक्ष छापलेला असतो. मोठ्या निवडणुकीच्या वर्षी अशी पन्नास-साठ नावे मतदारापुढे येतात. राष्ट्राध्यक्ष, सेनेटर, गव्हर्नर यांची नावे त्याला ठाऊक असतात. परंतु फौजदारी न्यायालयाच्या अमुक क्रमांकाच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ कोण, हे त्याला कोठून ठाऊक असणार? तो पक्ष पाहतो व खूण करतो. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, अलाबामा, लुईझियाना, टेनेसी या राज्यांतही थोड्याफार फरकाने हीच पद्धत आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेच्या संघराज्याची जी न्यायालये आहेत, त्यांचे न्यायाधीश निवडून येत नाहीत. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतो, सेनेट संमती देते, आणि सदाचरण असेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत, ते त्या जागी राहतात. परंतु सामान्य माणसाचे खटले, म्हणजे घरभाडे, घटस्फोट, चोरी, मारामारी, खून, वारसाहक्क, बहुतांशी राज्यांच्या न्यायालयांत चालतात. आमचा विषय या राज्यांच्या न्यायालयांपुरता, आणि त्यातही खालच्या न्यायालयांपुरता आहे.

ही पद्धत ऐकली की आपल्याकडील सुशिक्षित माणूस हसतो. आम्हीही प्रथम हसलो. परंतु जी गोष्ट एवढ्या मोठ्या राष्ट्रात पावणेदोनशे वर्षे टिकली, ती निव्वळ मूर्खपणाने टिकली असे मानणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. म्हणून ती का सुरू झाली, कशी बिघडली आणि बिघडूनही का टिकली, हे थोडे खोलात जाऊन पाहू.

न्यायाधीशाने कोणाच्या मेहेरबानीवर जगावे, हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. वसंत व्याख्यानमालेची ही प्रथा ज्यांनी पुण्यात सुरू केली ते रानडे स्वतः सरकारी नोकरीतले न्यायाधीश होते. सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचे अंग आहे असे दिसताच सरकारने त्यांना १८७८ साली नाशिकला हलविले, आणि पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या गडबडीत तेथून धुळ्याला. त्यांच्या निकालपत्रांत कोणी खोट काढली नव्हती. परंतु नेमणारा हात तोच हलविणारा हात होता, आणि त्या हाताला त्यांचा संशय आला होता, एवढेच पुरे झाले.

अमेरिकेतल्या वसाहतींचे गाऱ्हाणे यापेक्षा वेगळे नव्हते. इंग्लंडात १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना सदाचरण असेपर्यंत नोकरीची हमी मिळाली होती. वसाहतींतल्या न्यायाधीशांना ती मिळाली नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची जी लांबलचक यादी आहे, तीत एक कलम असे आहे की, न्यायाधीशांची मुदत आणि पगार राजाने केवळ आपल्या मर्जीवर ठेवला. पुढे संघराज्याची घटना झाली तेव्हा हॅमिल्टनने या गाऱ्हाण्याचे उत्तर आजीव नेमणुकीत शोधले. राज्यांनी मात्र आपापल्या वाटा धरल्या. काही ठिकाणी गव्हर्नर नेमू लागला, काही ठिकाणी कायदेमंडळ. राजा गेला, पण मर्जी राहिली; फक्त मर्जीचे मालक बदलले. गव्हर्नरच्या पक्षातले वकील, आमदारांचे मेहुणे, निवडणुकीत पडलेले उमेदवार यांची वर्णी न्यायासनावर लागू लागली.

१८३२ साली मिसिसिपी राज्याने नवी घटना केली व झाडून सगळे न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरविले. असे करणारे ते पहिले राज्य. त्याच सुमारास तॉकव्हिल हा फ्रेंच प्रवासी अमेरिका पाहून गेला होता. न्यायाधीश निवडून देण्याकडे काही राज्यांचा कल होत आहे हे त्याने हेरले, आणि याचे परिणाम वाईट होतील असे १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. पण मिसिसिपीच्या मागे कोणी लगेच धावले नाही. धावाधाव झाली ती पैशाच्या संकटानंतर.

१८३७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. त्याआधी राज्यांच्या कायदेमंडळांनी कालवे, रस्ते, रेल्वे यांसाठी बेसुमार कर्जे काढली होती; मर्जीतल्या कंपन्यांना सनदा वाटल्या होत्या. मंदीत कालव्यांचे उत्पन्न बसले, काही राज्यांची दिवाळी वाजली, आणि कराचा बोजा शेतकऱ्याच्या माथी आला. लोक विचारू लागले की, कायदेमंडळ एवढी उधळपट्टी करीत असता न्यायाधीश काय करीत होते? त्यांनी घटनेवर बोट ठेवून हे थांबविले का नाही? उत्तर उघड होते. ज्या आमदारांनी वा गव्हर्नरने त्यांना खुर्ची दिली, त्यांच्याविरुद्ध ते बोलणार कसे?

याच प्रश्नाच्या छायेत १८४६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्याची घटनापरिषद ॲल्बनी येथे भरली. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यायाधीश निवडून द्यावेत हा ठराव कोणा अडाणी जमावाने दंगा करून मंजूर करून घेतला नाही. परिषदेत वकिलांचा भरणा होता आणि या सुधारणेच्या मागे त्यांतले पुष्कळसे होते. त्यांचा हिशेब असा की, न्यायाधीशाला स्वतःचे बळ पाहिजे. आमदार म्हणतो, मला लोकांनी निवडले. गव्हर्नर म्हणतो, मला लोकांनी निवडले. मग न्यायाधीशालाही तेच म्हणता आले तर तो दोघांच्याही डोळ्याला डोळा भिडवील. म्हणजे निवडणूक आणली ती न्यायाधीशाला स्वतंत्र करण्यासाठी! आज हे वाक्य उलटे वाटते. त्या काळी ते सरळ होते. आमच्या मते या सबंध इतिहासाची किल्ली येथेच आहे.

त्या लोकांनी सावधगिरीही बाळगली. मुदत आठ वर्षांची ठेवली, म्हणजे वरचेवर मतांसाठी हिंडावे लागू नये. पहिली निवडणूक इतर निवडणुकांत न मिसळता १८४७ च्या जून महिन्यात वेगळी घेतली, म्हणजे पक्षांच्या रणधुमाळीचा वारा तिला लागू नये. न्यूयॉर्कने केले ते पाहून इतर राज्यांनी भराभर तेच केले. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा ३४ राज्यांपैकी २४ राज्यांत न्यायाधीश निवडले जात होते.

मग पक्ष आत शिरले कोठून? याचे उत्तर मतपत्रिकेत आहे. त्या काळी मतपत्रिका सरकार छापीत नसे, पक्ष छापीत. पक्षाचा माणूस मतदानाच्या जागी उभा राहून आपली चिठ्ठी हातात देई. तीवर गव्हर्नरपासून न्यायाधीशापर्यंत सगळी नावे एका ओळीत छापलेली असत, आणि मतदार ती जशीच्या तशी पेटीत टाकी. सरकारी छापाची गुप्त मतपत्रिका राज्यभर प्रथम आणली ती मॅसॅच्युसेट्सने, १८८८ साली. म्हणजे चाळीस वर्षे उशिरा. तोपर्यंत चिठ्ठी ज्याच्या हाती त्याच्या हाती न्यायाधीश, हा नियम पक्का झाला होता. जूनमधली वेगळी निवडणूकही पुढे राहिली नाही. चिठ्ठीवर नाव घालायचे तर पक्षाच्या खजिन्यात पैसे भरावे लागत. आणि निवडून आल्यावर कारकून, पंच, मिळकतीचे रिसीव्हर नेमताना पक्षाची माणसे आठवावी लागत.

याचा कळस न्यूयॉर्क शहरात झाला. तेथे डेमोक्रॅट पक्षाची टॅमनी हॉल नावाची संघटना होती, आणि १८६० नंतरच्या दशकात तिचा सूत्रधार होता विल्यम ट्वीड. त्याच्या पदरचे तीन न्यायाधीश इतिहासात गाजले: जॉर्ज बर्नार्ड, जॉन मॅककन आणि ॲल्बर्ट कार्डोझो. यांतले बर्नार्ड व कार्डोझो न्यूयॉर्कच्या 'सुप्रीम कोर्टा'चे न्यायाधीश होते. या नावाने वाचकाने फसू नये. न्यूयॉर्कात सुप्रीम कोर्ट म्हणजे प्रत्यक्ष खटले चालविणारे न्यायालय, अपिलाचे सर्वोच्च न्यायालय वेगळे. हा नावाचा घोटाळा तेथे आजही चालू आहे.

१८६८ साली ईरी रेल्वेच्या मालकीवरून भांडण लागले. एका बाजूला व्हँडरबिल्ट, दुसऱ्या बाजूला ड्रू, फिस्क आणि गूल्ड हे त्रिकूट. व्हँडरबिल्ट बाजारात मिळतील तेवढे शेअर विकत घेत होता, आणि त्रिकूट नवे शेअर छापून त्याला विकीत होते! व्हँडरबिल्टच्या बाजूने न्यायाधीश बर्नार्ड यांनी मनाईहुकूम काढला की, नवे शेअर काढू नयेत. त्रिकूटाने राज्याच्या दुसऱ्या भागातला न्यायाधीश गाठला आणि उलटा मनाईहुकूम मिळविला. न्यायालय एकच, त्याचे न्यायाधीश आठ विभागांतून निवडलेले, आणि प्रत्येकाचा हुकूम राज्यभर लागू. म्हणून ज्याला जसा हुकूम पाहिजे तसा न्यायाधीश त्याने शोधावा. अखेर बर्नार्ड यांनी बेअदबीबद्दल अटकेचा हुकूम सोडला तेव्हा त्रिकूट कंपनीची दप्तरे आणि लक्षावधी डॉलर रोकड घेऊन हडसन नदी ओलांडून शेजारच्या राज्यात जर्सी सिटीला पळाले, व तेथल्या एका हॉटेलात ठाण मांडून बसले. पुढे काही महिन्यांत समेट झाला, ट्वीड स्वतः ईरी रेल्वेच्या संचालक मंडळावर आला, आणि मग तेच बर्नार्ड गूल्ड-फिस्क यांच्या बाजूने हुकूम काढू लागले. नाटकातही असे पात्र लिहिले तर नाटककाराने अतिशयोक्ती केली असे आपण म्हणू.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. या न्यायाधीशांनी निवडणुकीपूर्वीच्या आठवड्यांत हजारो परदेशी माणसांना नागरिकत्वाचे दाखले घाऊक भावाने वाटले, की ती सगळी टॅमनीला मते देतील. न्यायालय म्हणजे मतदार तयार करण्याचा कारखानाच झाला.

पाप भरल्यावर घडा फुटला. १८७० साली शहरातल्या प्रतिष्ठित वकिलांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. १८७१ साली वर्तमानपत्रांनी ट्वीडचे हिशेब चव्हाट्यावर मांडले. १८७२ साली बर्नार्ड यांच्यावर महाभियोग होऊन ते बडतर्फ झाले, मॅककन यांनाही काढण्यात आले, आणि कार्डोझो यांनी चौकशी अंगावर येत आहे असे पाहून राजीनामा दिला.

आता यापुढची घटना वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. न्यायाधीश निवडण्याची पद्धत चालू ठेवावी की पुन्हा नेमणुकीची आणावी, असा सरळ प्रश्न १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातील मतदारांपुढे ठेवण्यात आला. बर्नार्ड यांच्या बडतर्फीला जेमतेम वर्ष झाले होते. कोणालाही वाटेल की, पोळलेले लोक ही पद्धत झिडकारून टाकतील. झाले उलट. मोठ्या बहुमताने लोकांनी निवडणूकच कायम ठेवली.

याचा अर्थ लोक मूर्ख होते असा करणे सोपे आहे. परंतु एक गोष्ट पाहा. ट्वीडच्या भरभराटीच्या काळात, १८६९ पासून १८७२ अखेरपर्यंत, न्यूयॉर्कचा गव्हर्नर कोण होता? जॉन हॉफमन, म्हणजे टॅमनीच्याच पाठिंब्याने आधी शहराचा मेयर व मग गव्हर्नर झालेला माणूस. नेमणुकीची पद्धत असती तर बर्नार्ड व कार्डोझो यांना हॉफमनने नेमले असते, आणि कदाचित जन्मभरासाठी नेमले असते. निवडणुकीत निदान मुदत संपते. मतदाराने बहुधा असा विचार केला असावा की, चोराने माझ्या हातून किल्ली घेतली हे खरे. पण म्हणून ती किल्ली चोराच्या भावाकडे ठेवायला देणे यात शहाणपण नाही. हा आमचा तर्क आहे. परंतु आकडे त्याच्या बाजूने आहेत. सुधारणा झाली ती एवढीच की, मुदत आधीच, १८६९ च्या दुरुस्तीने, आठांवरून चौदा वर्षे झाली होती, ती तशीच राहिली.

या कार्डोझो घराण्याची पुढची कथा सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. ॲल्बर्ट कार्डोझो यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांचा मुलगा बेंजामिन दोन वर्षांचा होता. बापाच्या नावाला लागलेला कलंक घेऊनच तो वाढला, वकील झाला, आणि १९१३ च्या नोव्हेंबरात टॅमनीविरुद्ध एकवटलेल्या पक्षांच्या चिठ्ठीवर त्याच सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी उभा राहिला. अगदी थोड्या मतांनी निवडून आला. महिना-दीड महिना त्या न्यायासनावर बसला न बसला तोच गव्हर्नरने त्याला अपिलाच्या न्यायालयात बसविले. पुढे तेथेही दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने तो निवडून आला, मुख्य न्यायाधीश झाला, आणि १९३२ साली राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी त्याला संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नेमले. अमेरिकेच्या थोर न्यायमूर्तींत बेंजामिन कार्डोझो यांचे नाव घेतल्याशिवाय यादी पुरी होत नाही. बाप निवडून आला, मुलगाही निवडून आला. खुर्ची तीच, शहर तेच, मतपेटी तीच. बापाला उभे करणारा हात आणि मुलाला उभे करणारा हात मात्र निराळा होता.

त्याच १९१३ च्या जुलै महिन्यात बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. त्या निवडणुकीकडे त्यांचे लक्ष गेले होते की नाही यावर आम्ही काही म्हणत नाही. परंतु छत्तीस वर्षांनी, २४ मे १९४९ रोजी, घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर ते बोलले तेव्हा अमेरिकेचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. विषय वरिष्ठ न्यायालयाचा होता, आणि अमेरिकेचे उदाहरण सेनेटच्या संमतीचे. सर्व सत्ता कार्यकारी मंडळाच्या हाती देणे धोक्याचे. कायदेमंडळाची संमती घ्यावी तर काम अवजड होते आणि राजकारण आत येते. आणि सरन्यायाधीशाला नकाराधिकार द्यावा तर तोही शेवटी माणूसच, असे तीन्ही बाजूंनी मोजून त्यांनी सल्लामसलतीचा मधला मार्ग सुचविला. खालच्या न्यायालयांसाठी आपल्या घटनेने उच्च न्यायालयाचा सल्ला व देखरेख ठेवली. आपल्याकडचा दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो तो त्यामुळे. लोकांनी न्यायाधीश निवडावा हा पर्याय आपल्याकडे गंभीरपणे पुढे आला नाही.

अमेरिकेत मात्र पर्यायांचा शोध चालूच राहिला. १९०६ साली सेंट पॉल येथे वकिलांच्या परिषदेत रॉस्को पाउंड या पस्तीस वर्षांच्या माणसाने भाषण केले. न्यायालयांना राजकारणात ओढल्याने आणि न्यायाधीशांना राजकारणी व्हायला लावल्याने न्यायासनाविषयीचा आदर बहुतेक नाहीसा झाला आहे, असे तो बोलला आणि वडीलधारी मंडळी रागावली. त्यानंतरच्या काळात कित्येक राज्यांनी मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव काढून टाकले. त्यामुळे पक्ष गेला नाही, फक्त नाव दिसेनासे झाले, आणि मतदार ओळखीच्या वाटणाऱ्या आडनावावर खूण करू लागला.

मिसूरी राज्याने १९४० साली तिसरी वाट काढली. तेथे कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट याचे टॅमनीसारखेच राज्य होते; १९३९ साली तो प्राप्तिकर चुकविल्याबद्दल तुरुंगात गेला. (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ट्रूमन हे याच पेंडरगास्टच्या पाठिंब्याने काउंटीचे 'जज्ज' म्हणून निवडून आले होते, पण त्या पदाचे काम खटले ऐकण्याचे नसून रस्ते बांधण्याचे होते.) मिसूरीच्या योजनेत वकील, न्यायाधीश व सामान्य नागरिक यांची एक समिती तीन नावे सुचविते, गव्हर्नर त्यांतले एक घेतो, आणि काही काळाने लोकांना फक्त 'ठेवा' की 'काढा' एवढेच विचारतात. योजना चांगली म्हणून गाजली, अनेक राज्यांनी उचलली. पण खुद्द मिसूरीत खालच्या न्यायालयांपुरती ती सेंट लुइस व कॅन्सस सिटी या मोठ्या शहरांना लागू झाली. ग्रामीण भाग आजही न्यायाधीशांना पक्षाच्या चिठ्ठीवर निवडतो. काढून घेतलेला अधिकार शहरांतला होता. खेड्यांनी आपला दिला नाही.

आता पुन्हा ह्यूस्टनला येऊ. १९८४ साली पेन्झॉइल या तेलकंपनीने टेक्साको या दुसऱ्या बलाढ्य तेलकंपनीवर तेथे दावा लावला. दावा न्यायाधीश अँथनी फॅरिस यांच्यापुढे आला. आणि थोड्याच दिवसांत पेन्झॉइलचे वकील जो जमेल यांनी न्यायाधीशांच्या निवडणूक निधीला १०,००० डॉलरची देणगी दिली. हे चोरून झाले नाही. टेक्ससच्या कायद्यात ते बसत होते. टेक्साकोने हरकत घेतली, ती दुसऱ्या न्यायाधीशापुढे गेली, आणि फेटाळली गेली. खटला संपता संपता फॅरिस आजारी पडले, त्यांच्या जागी दुसरे न्यायाधीश बसले, आणि १९८५ च्या नोव्हेंबरात ज्यूरीने टेक्साकोला १० अब्ज ५३ कोटी डॉलर भरायला सांगितले. टेक्साकोला दिवाळे जाहीर करावे लागले. शेवटी ३ अब्ज डॉलरवर तडजोड झाली. निकाल योग्य होता की अयोग्य, हा वाद आजही कायदेपंडित घालतात. आम्हांस वेगळेच टोचते. ती देणगी नसती तर हरलेल्या पक्षकाराला निकालाविषयी शंका घ्यायला एक जागा कमी मिळाली असती. ज्या वकिलाला रोज ज्या न्यायाधीशापुढे उभे राहायचे, त्यानेच त्याच्या निवडणुकीचा खर्च उचलावा, कारण दुसऱ्या कोणाला त्या निवडणुकीत रसच नाही, अशी ही अडचण आहे.

असे असता ह्यूस्टनचे लोक ही पद्धत सोडत का नाहीत? त्या शहराची दुसरी बाजू पाहा. १९८० नंतरच्या दशकात हॅरिस काउंटीत, म्हणजे ज्या जिल्ह्यात ह्यूस्टन आहे तेथे, दर पाच माणसांत एक निग्रो वंशाचा होता. जिल्हा न्यायाधीश ५९, त्यांत त्या समाजाचे तीन. काळ्या वकिलांच्या संघटनेने दावा केला की, सबंध काउंटीचा एकच मतदारसंघ केल्यामुळे आमची मते बुडतात. न्यायाधीश म्हणजे लोकप्रतिनिधी नव्हेत, म्हणून मताधिकाराचा कायदा त्यांना लागू नाही, असे उत्तर आले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उत्तर अमान्य केले: राज्याने न्यायाधीश निवडणुकीने आणायचे ठरविले, तर त्या निवडणुकीत प्रत्येकाच्या मताला किंमत पाहिजे. तरी १९९३ साली खालच्या अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला व एकच मतदारसंघ कायम राहिला. १९९४ साली रिपब्लिकन लाट आली आणि डेमोक्रॅट न्यायाधीश तीत वाहून गेले. आणि २०१८ साली, सेनेटच्या एका चुरशीच्या लढतीमुळे, लाट उलटी फिरली. त्या एकाच दिवशी हॅरिस काउंटीत १७ काळ्या स्त्रिया न्यायासनावर निवडून आल्या. चांगले काम केलेले कित्येक न्यायाधीश केवळ पक्षामुळे त्याच दिवशी घरी गेले, हेही खरे. सबंध पक्षाला एका खुणेत मत देण्याची सोय टेक्ससने २०२० पासून बंद केली. परंतु पक्षाचे नाव मतपत्रिकेवर राहिले.

जिच्या आजीला मतपेटीजवळ फिरकू दिले नव्हते, ती आता निवडून येऊन न्यायाधीश होते. तिला जाऊन सांगा की, निवडणूक वाईट, यापुढे तज्ज्ञांची समिती नेमणूक करील. ती विचारील की, समिती कोणाची?

पेनसिल्व्हेनियाचे दोन दाखले देतो. तेथे न्यायाधीश प्रथम पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो व दर दहा वर्षांनी 'ठेवा की काढा' असे मत होते. दोन अभ्यासकांनी तेथील हजारो शिक्षांचे आकडे तपासून २००४ साली असे दाखविले की, न्यायाधीशाची मतदानाची वेळ जवळ आली म्हणजे शिक्षा लांबतात. गुन्हा तोच, कायदा तोच. फक्त पंचांगातली तारीख निराळी. दुसरा दाखला फिलाडेल्फिया शहराचा. तेथे उमेदवार इतके असतात की, मतपत्रिकेवर नाव वर आले तर निम्मी लढाई जिंकली. म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून ठरवितात, आणि ज्या डब्यातून आकडे काढतात तो हॉर्न अँड हार्डार्ट या जुन्या उपाहारगृहाचा कॉफीचा पत्र्याचा डबा आहे. या शतकातही न्यायाधीश होऊ इच्छिणारे वकील त्या डब्यात हात घालताना नशिबाची प्रार्थना करीत उभे राहिलेले लोकांनी पाहिले आहेत.

शेवटी पुन्हा न्यूयॉर्क. मार्गारिता लोपेझ टोरेस या बाई १९९२ साली ब्रुकलिनच्या दिवाणी न्यायालयावर निवडून आल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, पक्षाच्या पुढाऱ्यांनी आपला माणूस त्यांच्या कचेरीत कायद्याचा सहायक म्हणून नेमण्यास सांगितले. बाईंनी नकार दिला. पुढे त्यांना सुप्रीम कोर्टाची, म्हणजे मोठ्या खटल्यांच्या न्यायालयाची, उमेदवारी हवी होती. त्या न्यायालयाचे उमेदवार पक्षाचे सभासद थेट मताने ठरवीत नाहीत. १९२१ पासून पक्षाच्या प्रतिनिधींची परिषद ठरविते, आणि परिषद पुढाऱ्यांच्या हाती. १९९७, २००२, २००३ अशी तीन वेळा बाईंना उमेदवारी नाकारली गेली. मधल्या काळात दिवाणी न्यायालयावर, आणि २००५ साली वारसाहक्काच्या न्यायालयावर, त्या लोकांच्या थेट मताने निवडून आल्या. कारण त्या जागांसाठी परिषद आडवी येत नव्हती. परिषदेची पद्धत घटनाबाह्य आहे असा दावा त्यांनी लावला. खालची दोन न्यायालये त्यांच्या बाजूने गेली. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल फिरविला. पक्षाने आपला उमेदवार परिषदेत ठरविला तर घटना त्याला आडकाठी करीत नाही, असे त्या निकालाचे सार. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालाला संमती देताना वेगळी टीप जोडली की, घटनेत बसते म्हणजे ते शहाणपणाचे असते असे नव्हे. न्यूयॉर्कातले हे मोठे न्यायाधीश त्यानंतरही परिषदेतूनच मतदारांपुढे येत राहिले.